राणीच्या बागेत पाषाण-उद्यान व्हावे का?

भायखळाकर :
मुंबईतील वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड), गधेगाळी (शाप कोरलेले दानदगड), जुने मैलाचे दगड आणि पाडलेल्या वास्तूंचे कोरीव अवशेष एकत्र आणून त्यांच्याशेजारी काळा बेसाल्ट (लाव्हारसापासून बनलेला खडक), मालाडचा पिवळसर दगड असे खडकांचे नमुने मांडावेत, असे माझे मत आहे. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना कोसळून फुटला. त्याचे तुकडे जोडून तो पुढे याच बागेत, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर, उभा केला, म्हणूनच तो आपल्याला पाहता येतो.

बोरिवलीकर :
हा हत्ती जागेवरून हलवला म्हणूनच फुटला, हे आपण विसरता. बोरिवलीतील एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरल्या आहेत, आणि ते आरमारी युद्ध किनाऱ्यालगतच्या त्या गावातच नीट उमगते. गधेगाळ म्हणजे दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला घातलेला शाप. ती जमिनीपासून तोडली की तिचा पुरावाच लंगडा पडतो. मैलाचा दगड तर सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचे अंतर सांगतो, ते बागेत नेल्यावर चुकीचेच ठरेल. परळला १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेली शिवाची मूर्ती आजही पूजेत आहे. लोकांना दाखवायचेच असेल, तर प्रतिकृती मांडाव्यात.

भूविज्ञानाची शिक्षिका :
कोरीव दगडांविषयी मी बोरिवलीकरांशी सहमत आहे, पण खडकांचे नमुने ही वेगळी गोष्ट आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टचे उभे स्तंभ, जागेवरच पाहायला हवी. मात्र जुन्या खाणी इमारतींखाली गेल्यावर तेथील दगड विद्यार्थ्यांना दाखवायचा कुठे? बेसाल्ट ऊनपाऊस सोसतो. त्याच्या पोकळ्यांत वाढणारे लॉमोंटाइट हे खनिज मात्र उघड्या हवेत पाणी गमावते आणि ते पांढरे स्फटिक बोटाच्या दाबाने भुगा होतात, म्हणून असे नमुने काचेआडच ठेवावे लागतील.

भायखळाकर :
प्रतिकृतीवर छिन्नीचा मूळ घाव नसतो, हे माझे दुःख आहे. शिवाय खोदकामात आधीच उपटले गेलेले, रस्त्याकडेला चुन्याने रंगवलेले दगड तसेच राहू द्यायचे का?

बोरिवलीकर :
अशा दगडांना आसरा द्यावा, परंतु सापडल्या जागेची नोंद दगडासोबत लावल्याशिवाय नाही. आणि जो वीरगळ आजही आपल्या गावात उभा आहे, त्याला हात लावण्यास माझा विरोध कायम आहे.