जिन्यातला दिवा

जयंत काका, अ-204: सेक्रेटरीसाहेब, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात पुन्हा अंधार. काल पायरी चुकली, कठडा हाताशी आला म्हणून वाचलो. मेंटेनन्स कशाचा घेता?

सेक्रेटरी: काका, दिवा गेलेला नाही. टायमर सातचा आहे. तुम्ही पावणेसातला उतरलात.

रोहन, क-503: काका, गेल्या महिन्यात पण तुम्हीच घसरला होतात ना? चपला बदला.

जयंत काका, अ-204: नव्याच आहेत. हल्ली पायाला पायरी कळतच नाही रे. तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं. वय झालं, दुसरं काय.

स्मिता, ब-304: जयंतराव, एक विचारू? तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का?

जयंत काका, अ-204: अहो, तुम्हाला कसं कळलं? एका हाताने बेसिन धरूनच तोंड धुतो. हिला वाटतं नाटक करतो.

स्मिता, ब-304: शुगरची गोळी कुठली?

जयंत काका, अ-204: मेटफॉर्मिन. 11 वर्षं झाली. शिवाय सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची.

स्मिता, ब-304: मग दिव्याचं नंतर बघू. या दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षं चालल्या की जेवणातलं व्हिटॅमिन बी ट्वेल्व्ह अंगी लागणं कमी होऊ शकतं. नसांवरचं वेष्टण टिकायला ते लागतं. वेष्टण झिजलं की पाय कुठे पडलाय हे मेंदूला नीट कळत नाही. उजेडात डोळे सांभाळून घेतात, अंधारात लबाडी उघडी पडते. पायाला असा बधिरपणा, मुंग्या शुगरनेही येतात, तेव्हा नेमकं कशाने ते डॉक्टर ठरवतील. मी डॉक्टर नाही, 31 वर्षं लॅबमध्ये रक्त तपासलंय, एवढंच. पण बी ट्वेल्व्ह बघून घ्या.

जयंत काका, अ-204: मी बी-कॉम्प्लेक्स घेतो की रोज! तोंड आलं होतं तेव्हा केमिस्टने दिली, तेव्हापासून चालूच आहे. लघवी पिवळीधमक होते, म्हणजे लागू पडतेय. आणि हिमोग्लोबिन 13.4 आहे.

स्मिता, ब-304: पिवळं होतं ते बी टू. जास्तीचं बाहेर पडतंय, बाकी त्यावरून काही कळत नाही. आणि हिमोग्लोबिनवर तर मुळीच जाऊ नका. त्या गोळीत बहुतेक फॉलिक ॲसिड असेल, तेही बी गटातलंच. बी ट्वेल्व्ह कमी असलं तरी फॉलिक ॲसिड रक्ताची बाजू सावरून धरतं. रिपोर्ट छान येतो, डॉक्टर, पेशंट दोघं खूश, आणि नसांची झीज आतल्या आत चालूच. असे रिपोर्ट माझ्या हाताखालून गेलेत.

मंगला मावशी, ब-102: फॉरवर्ड आलंय बघा. मोड आलेली मटकी आणि स्पिरुलिना खा, बी ट्वेल्व्ह आठ दिवसांत दुप्पट 🙏

स्मिता, ब-304: मावशी, मटकी जरूर खा, फोलेट, म्हणजे जेवणातलं फॉलिक ॲसिड, मिळेल. बी ट्वेल्व्ह मात्र जिवाणू बनवतात, झाडं नाही. स्पिरुलिनात असतं ते बरंचसं त्याचं तोतया रूप, माणसाच्या कामाचं नाही. शाकाहाऱ्यांना भरवसा दूध, दही, ताक, पनीर यांचाच.

वैभवी सावंत, ब-101: नायतर आमच्या घरी या, बांगडा खायला 😄

जयंत काका, अ-204: रामराम. मी ताकच पितो.

मीनल, अ-401: स्मिताताई, मग फॉलिक ॲसिड वाईट का? सूनबाईला तिसरा महिना आहे, डॉक्टरांनी दिलंय.

स्मिता, ब-304: अजिबात बंद करू नका! बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया पहिल्या काही आठवड्यांतच पडतो, त्याला ते हवंच. तुम्ही शाकाहारी, म्हणून बी ट्वेल्व्हचंही डॉक्टरांना विचारा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने 2006 मध्ये पुणे आणि आसपासच्या 441 पुरुषांचा अभ्यास छापला होता. 67 टक्क्यांमध्ये बी ट्वेल्व्ह कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्के. खेड्यातले आपल्यापेक्षा बरे.

पाटणकर सर, क-201: फॉलिक ॲसिडची गोष्ट मुंबईची आहे, माहीत आहे का? ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आल्या. गिरणीतल्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग व्हायचा, लाल पेशी मोठ्या आणि कमी. परळच्या हाफकिनमध्ये त्यांनी माकडांना त्या बायकांसारखंच निकृष्ट जेवण दिलं, माकडंही आजारली. बरेच उपाय झाले. गुण आला तो मार्माइट नावाच्या यीस्टच्या काळ्या चाटणाने, ब्रेडला लावतात ते. 1931 मध्ये त्यांनी ते छापलं. त्यात नेमकं काय होतं याचा पत्ता त्यांनाही नव्हता. दहा वर्षांनी तोच पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला, आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून फॉलिक नाव पडलं.

रोहन, क-503: सर, मार्माइट आमच्या ऑफिसात एकाने आणलं होतं. चव बघून वाटलं, माकडं घाबरून बरी झाली असतील.

वैभवी सावंत, ब-101: सर, आमच्या उकड्या तांदळाचं पण सांगा ना.

पाटणकर सर, क-201: साळ उकडताना कोंड्यातलं बी वन दाण्यात आत शिरतं, मग सडलं तरी बरंचसं राहतं. पांढराशुभ्र तांदूळ सडून खाणाऱ्यांना बेरीबेरी व्हायची.

वैभवी सावंत, ब-101: आजी पेज टाकून देऊ द्यायची नाही, ते उगाच नव्हे तर.

रोहन, क-503: स्मिताताई, मी केसांसाठी बायोटिन घेतो. चालेल ना?

स्मिता, ब-304: थायरॉइडची तपासणी करायची असली तर लॅबला आधी सांग. जास्त डोसने आकडे भलतेच येऊ शकतात. आणि जयंतराव, कोणाच्या सांगण्यावरून तपासणीआधी बी ट्वेल्व्हची लाल सुई टोचून घेऊ नका. मग रिपोर्टमध्ये आकडा आकाशाला भिडतो आणि खरं काय होतं ते कळतच नाही.

*शुक्रवार*

जयंत काका, अ-204: आकडा आला. 112. लॅबने खाली 200 ची मर्यादा छापली आहे. डॉक्टरांनी सध्या दिवसाआड सुई लिहून दिली. मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करायची नाही म्हणून दम भरला. बी-कॉम्प्लेक्सबद्दल विचारलं, तर म्हणाले, तो हिशोब नंतर. मुंग्या जायला महिने लागतील, तोल किती सुधारेल ते बघू म्हणाले.

स्मिता, ब-304: बरं झालं गेलात.

जयंत काका, अ-204: सेक्रेटरीसाहेब, तोपर्यंत टायमर?

सेक्रेटरी: सहाला केला काका. कालच.