मदत हवी आहे: 'सिन्स' आणि 'फॉर' मुलांच्या लिखाणात पक्कं कसं करून घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात डिचोलीला संध्याकाळी शिकवणी घेते. मुलं चौथीपर्यंत मराठी माध्यमातली, पाचवीपासून एकदम सगळं इंग्रजीत. हुशार आहेत, पण इंग्रजी शब्दांच्या काही जोड्यांवर हमखास अडतात.

सगळ्यात मोठा घोळ 'सिन्स' आणि 'फॉर'चा. आपण 'सोमवारपासून पाऊस आहे' म्हणतो आणि 'तीन दिवसांपासून पाऊस आहे' असंही म्हणतो. दोन्हीकडे 'पासून', म्हणून मुलं बिनधास्त 'सिन्स थ्री डेज' लिहितात. मी विचारते, सुरुवात कधी झाली ते कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येतं? मग 'सिन्स'. किती वेळ चाललंय ते मोजलंय? मग 'फॉर'. तोंडी अगदी बरोबर सांगतात, पण निबंध लिहायला बसले की पुन्हा तेच.

'बॉरो' आणि 'लेंड' मात्र एकमेकांकडून पेन उसनं घ्यायला-द्यायला लावल्यावर लगेच जमलं.

नुसता नियम घोकून घेणं मला पटत नाही, पोरांना इंग्रजीची धास्ती बसते. पाचवी-सहावीला शिकवणाऱ्यांनी लिखाणासाठी काय केलं? चतुर्थी, शिगमो, जत्रा अशा ओळखीच्या विषयांवरचे गाळलेल्या जागांचे उतारे कुणाकडे असतील तर कृपया पाठवा. सहामाही परीक्षा जवळ आली आहे.