चोरीला गेलेली परवान्याची बंदूक सापडली, तर ती मालकाला कधी मिळावी?

बागायतदार_तळकोकण

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चोरीची मोटारसायकल सापडली की मालक कोर्टात अर्ज टाकतो आणि सुपुर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर) गाडी घरी आणतो. दागिन्यांचंही तेच. मग परवान्याची बंदूक सापडली की खटला संपेपर्यंत ती पोलिसांकडेच राहणार, हे गृहीत का धरायचं? ज्याची चोरी झाली तो फिर्यादी आहे, आरोपी नव्हे.

प्रकरण थोडक्यात असं. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची आमची एकनळी बारा बोअरची बंदूक, वडिलांच्या पश्चात रीतसर माझ्या नावावर झालेली. आम्ही गावाला नसताना घर फोडलं. भिंतीला बोल्ट केलेलं लोखंडी कपाट कटावणीने उचकटून दागिने आणि बंदूक दोन्ही नेलं. कळल्याबरोबर फिर्याद दिली, परवान्याची प्रत जोडली, नळीवरचा नंबर लिहून दिला. काही महिन्यांनी शेजारच्या तालुक्यात रात्री शिकारीला निघालेले तिघे पकडले गेले, त्यांच्याकडे ही बंदूक मिळाली. नंबर जुळला. दागिने कोर्टातून केव्हाच मिळाले. बंदूक मात्र मुद्देमालाच्या खोलीत आहे. विचारायला गेलं की एकदा "अहवाल यायचाय", एकदा "चार्जशीट होऊ दे", एकदा "वरून परवानगी लागेल". ही परवानगी नक्की कोणाची, ते कोणी सांगत नाही.

ओळख पटवायला बोलावलं तेव्हा ती बघितली. नळीला सुतळीने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल, त्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आणि पंचांच्या सह्या, चाप आणि घोड्यावरून कापड गुंडाळून लाखेचं सील. नळीच्या तोंडाशी बोट लावलं तर तांबूस भुकटी बोटाला आली. दस्त्यावर पांढरी बुरशी. कोकणातला एक पावसाळा बिनतेलाचा गेला की नळीचं काय होतं ते बंदूक असणाऱ्याला सांगायला नको. सील असल्यामुळे पोलीसही तेल देऊ शकत नाहीत.

आता परवान्याची मुदत संपत आली आहे. नूतनीकरणाला गेलो तर म्हणतात, हत्यार तपासणीला आणा. आणू कुठून? इकडे भातात डुकरं आणि नारळावर माकडं. माकडांवर आम्ही गोळी घालत नाही, पण हवेत एक बार काढला तरी कळप दोन दिवस बागेकडे फिरकत नाही. डुकरासाठी वनखात्याची परवानगी मिळते, ती कागदावर घेऊन नुसतं बसायचं का?

निवृत्त_फौजदार

बागायतदारसाहेब, तुमची तळमळ समजते. पण मी खात्यात असताना मुद्देमालाचा चार्ज सांभाळला आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

मोटारसायकल आणि बंदूक यात मोठा फरक आहे. गाडीच्या चोरीत गाडी कोणाची आणि कोणाकडे सापडली, एवढं सिद्ध केलं की पुरे. तुमच्या प्रकरणात चोरीशिवाय त्या तिघांवर शस्त्र अधिनियम १९५९ खालीही गुन्हा असणार. विनापरवाना बंदूक बाळगणं हाच गुन्हा असेल, तर ती बंदूकच गुन्ह्याचा गाभा झाली. ती चालू स्थितीत आहे का, याचा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. कलम ३ च्या गुन्ह्याला कलम ३९ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ही कागदपत्रं होण्याआधी हत्यार हातातून सोडलं, तर आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारणार: जप्त केलं ते हेच कशावरून? मधल्या काळात कोण कोण हाताळत होतं? त्या एका प्रश्नावर आरोपी सुटले, तर चोरी झालेल्या माणसालाच सगळ्यात वाईट वाटतं.

आणि बंदूक काही महिने चोरट्यांकडे होती. त्या काळात ती कुठे कुठे वाजली हे तुम्हाला ठाऊक नाही आणि आम्हालाही नाही. एखाद्या उघड न झालेल्या गुन्ह्याशी तिचा संबंध निघाला, तर ती परत कुठून आणायची?

गंजाचं म्हणाल तर मी मान्य करतो. मुद्देमालाच्या खोल्या हत्यारं ठेवायला बांधलेल्याच नाहीत. जप्त दारूचे कॅन, सायकली, कपड्यांची गाठोडी आणि त्यातच बंदूक, अशी बऱ्याच ठिकाणची स्थिती आहे.

अॅडव्होकेट_रत्नागिरी

कायदा काय सांगतो ते मांडते, म्हणजे वाद नेमका कशावर आहे ते कळेल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ४५१ आणि ४५७ च्या जागी आता ४९७ आणि ५०३ आहेत. ४९७ प्रमाणे मालमत्ता कोर्टासमोर हजर केल्यापासून चौदा दिवसांत कोर्टाने तिचं वर्णनपत्र तयार करायचं, फोटो आणि गरजेनुसार व्हिडिओ घ्यायचा, आणि त्यानंतर तीस दिवसांत तिचं काय करायचं याचा आदेश द्यायचा. ते वर्णनपत्र आणि फोटो खटल्यात पुरावा म्हणून चालतात. या कलमात बंदुकीला वगळलेलं नाही. जप्तीची खबर गेली पण माल कोर्टात हजर झालेला नसेल, तर ५०३ खाली अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं आहे की जप्त माल पोलीस ठाण्यात पंधरा दिवस ते महिना याहून जास्त पडून राहू नये. सविस्तर पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन तो सोडावा.

पण कोर्ट माल देतं ते ताब्याचा हक्क असणाऱ्याला. बंदुकीच्या बाबतीत मालकीची पावती पुरत नाही, चालू परवानाच लागतो. म्हणून बागायतदारसाहेब, तुमच्या परवान्याची मुदत हा सगळ्यात नाजूक सांधा आहे. आजच नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत दाखल करा. हत्यार मुद्देमाल म्हणून जप्त आहे, असं पोलीस ठाण्याचं पत्र किंवा जप्ती पंचनाम्याची नक्कल सोबत लावा, पोच घ्या. ती पोच कोर्टातल्या अर्जालाही जोडा.

"वरून परवानगी" असं काही नसतं. आदेश न्यायदंडाधिकारी देतात. तपास अधिकारी आणि सरकारी वकील आपला से, म्हणजे लेखी म्हणणं, देतात, तो विरोधाचा असला तरी निर्णय कोर्टाचा.

शिक्षिका_सातारा

मी वेगळं बोलणार आहे आणि ते काहींना कटू वाटेल.

इथे सगळे बंदूक लवकर कशी मिळेल ते सांगताहेत. ती गेली कशी, हे कोणीच विचारत नाही. मोटारसायकल चोरीला गेली तर नुकसान मालकाचं होतं. बंदूक चोरीला गेली तर अख्ख्या पंचक्रोशीचा जीव टांगणीला लागतो. या तिघांनी शिकार केली म्हणून थोडक्यात निभावलं. रात्री जंगलातून घरी येणारं कोणी सापडलं असतं तर? २०१६ च्या शस्त्र नियमांनी हत्यार सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकली आहे. ती पार पडली का, याची जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतंत्र चौकशी करावी आणि त्यानंतरच बंदूक परत द्यावी. परवाना लोकांच्या सुरक्षिततेसाठी निलंबित करायची तरतूद शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ मध्ये आहेच, मग अशा वेळी वापरायची नाही तर कधी?

आमच्या भागात वरातीत हवेत गोळ्या झाडणारे परवानाधारकच असतात. त्यावर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आणली, ती उगाच नव्हे. परवाना म्हणजे सरकारने दाखवलेला विश्वास आहे. एकदा हत्यार बाहेर गेल्यावर तो पुन्हा तपासायला काय हरकत आहे?

बागायतदार_तळकोकण

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. चौकशी करा, मी स्वतः कपाट दाखवतो. बोल्ट उपटल्याच्या खुणा पंचनाम्यात आहेत. काडतुसं वेगळ्या खोलीत कुलपात होती, ती चोरट्यांना मिळालीच नाहीत, हेही त्यात आहे. पण चौकशी करणार कोण आणि किती दिवसांत, ते कुठेतरी ठरलेलं हवं ना? चौकशीच्या नावाने फाईल टेबलावर पडून राहिली तर निर्दोष माणसाला शिक्षा झाल्यासारखंच आहे. हलगर्जी करणाऱ्याचा परवाना काढा, माझी त्याला ना नाही. पण घर फोडलं गेलं म्हणजे घरमालक हलगर्जी, हे मी मान्य करणार नाही.

नेमबाज_पुणे

फौजदार काकांच्या एका मुद्द्याबद्दल. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते, तिला रायफलसारखे आटे, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा, नसतात. त्यामुळे छऱ्यांवरून सहसा ही नळी की ती नळी, हे सांगता येत नाही. जुळवतात ते रिकाम्या काडतुसाच्या बुडावर घोड्याच्या टोकाने उमटलेली खूण. त्यासाठी प्रयोगशाळा बंदुकीतून चाचणीचे बार काढते आणि ती रिकामी काडतुसं जपून ठेवता येतात. पुढे कुठल्या गुन्ह्यात रिकामं काडतूस मिळालं तर आधी त्याच्याशी ताडून बघता येईल. म्हणजे चाचणी होईपर्यंत बंदूक अडकवणं बरोबर, त्यानंतर वर्षानुवर्षं अडकवण्याला हे कारण पुरत नाही.

नंबर घासून काढलेला असला तरी प्रयोगशाळेत रसायन लावून तो बऱ्याचदा उठवता येतो. तुमचा नंबर शाबूत आहे हे नशीब.

वनमित्र

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते आहे. बंदूक शिकारीत सापडली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३९ बघा. गुन्ह्यात वापरलेलं आणि त्या कायद्याखाली जप्त झालेलं हत्यार, वाहन, सापळा ही सरकारची मालमत्ता ठरते. माझ्या मते हे योग्यच आहे. शिकारीत वापरलेली बंदूक पुन्हा त्याच जंगलाच्या कडेला जाणार असेल तर आम्ही विरोध करणारच. फासे, बॉम्बगोळे, चोरीच्या बंदुका, सगळ्यांचा मार खातात ती मुकी जनावरं. बाग वाचवायची असेल तर कुंपण आहे, राखण आहे, नुकसानभरपाईचा अर्ज आहे.

अॅडव्होकेट_रत्नागिरी

वनमित्र, कलम बरोबर सांगितलंत, पण त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मध्य प्रदेश शासन विरुद्ध मधुकर राव प्रकरणात लावून दिला आहे. नुसत्या जप्तीने आणि आरोपाने वस्तू सरकारची होत नाही. गुन्ह्यात वापर झाला हे आधी सक्षम न्यायालयात ठरावं लागतं आणि तोवर तात्पुरता ताबा देण्याचा दंडाधिकाऱ्यांचा अधिकार शाबूत राहतो. ते प्रकरण वाहनाचं होतं, त्यामुळे बंदुकीला ते तसंच लागू नाही, असं सरकारी वकील म्हणतील. तयारी ठेवायला हवी. म्हणून बागायतदारसाहेब, जप्ती पोलिसांनी कोणत्या कलमाखाली केली आणि वनखात्याचा वेगळा गुन्हा दाखल आहे का, हे आधी बघा. असेल तर त्यांनाही अर्जात सामील करा, नाहीतर एका कोर्टाचा आदेश हातात घेऊन दुसऱ्या दारात अडकाल.

शिकाऱ्यांनी नळी कापून आखूड केलेली असती, तर मात्र माझा सल्ला वेगळा असता. तशी बंदूक तुमच्या परवान्यावर राहूच शकत नाही.

बागायतदार_तळकोकण

वनमित्र, कुंपण आहे. डुक्कर खालून उकरून आत येतं आणि माकडाला कुंपण अडवत नाही. भरपाईचे अर्ज केलेत, मिळालीही आहे, पण ती पीक गेल्यावर मिळते. शिकाऱ्यांचा राग मलाही तुमच्याइतकाच आहे, त्यांनी माझं घर फोडलं आहे. त्यांच्या गुन्ह्याची किंमत मी का भरावी?

नेमबाज_पुणे

एक मधला मार्ग सुचवतो. कोर्टाला एवढ्यात घरी द्यायची नसेल, तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवण्याची मागणी करा. त्यांच्याकडे लोकांची हत्यारं कायद्याने जमा असतातच, वेगळी खोली असते, नोंद असते, तेलपाणी होतं. भाडं तुम्ही भरायचं. हवी तेव्हा कोर्टात हजर करता येते.

शिक्षिका_सातारा

ही सूचना मला पटते. चौकशी पूर्ण होईपर्यंत बंदूक विक्रेत्याकडे आणि चौकशीला मुदत. पण घरी देण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी कपाट बघितलंच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे. ज्या घरातून एकदा गेली ते घर चोरांना माहीत झालेलं आहे.

निवृत्त_फौजदार

विक्रेत्याकडे ठेवायला माझी हरकत नाही, दोन अटींवर. एक, अहवाल येऊन दोषारोपपत्र दाखल झालेलं असावं. दोन, सील पुन्हा पंचांसमक्ष लावावं आणि तेल देण्यासाठी सील उघडायचं तर तेही कोर्टाच्या आदेशात स्पष्ट लिहिलेलं असावं, म्हणजे उद्या साक्षीत कोणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही. तोपर्यंत तुम्ही आणखी एक अर्ज करा: जिल्हा मुख्यालयातल्या आर्मररकडून (पोलिसांची हत्यारं राखणाऱ्या कारागिराकडून) पंचांसमक्ष साफसफाई करून घ्यावी. हे पोलिसांनाही सोयीचं आहे, कारण गंजलेली नळी प्रयोगशाळेलाही नको असते.

घरी देण्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. चोरट्यांविरुद्धच्या साक्षी संपेपर्यंत, म्हणजे पंच आणि तज्ज्ञ यांनी बंदूक कोर्टात ओळखेपर्यंत, ती तिसऱ्याच्याच ताब्यात असावी.

अॅडव्होकेट_रत्नागिरी

फौजदारसाहेब, पंच आणि तज्ज्ञांच्या साक्षी व्हायला काही खटल्यांत वर्षं जातात, हे तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलं आहे. नव्या कलमात वर्णनपत्र आणि फोटो पुरावा म्हणून चालतील असं लिहिलं आहे, ते याचसाठी. साक्षीच्या दिवशी मालक बंदूक घेऊन हजर राहील, विकणार नाही, बदल करणार नाही, असं बंधपत्र आणि जामीन कोर्ट घेतंच. मी विक्रेत्याकडे ठेवण्याची मागणी पर्यायी विनंती म्हणून शेवटी लिहीन. मुख्य विनंती ताब्याचीच असेल.

निवृत्त_फौजदार

तशी लिहा. सरकारी बाजूने मी असतो तर मुख्य विनंतीला विरोध आणि पर्यायी विनंतीला संमती दिली असती.

बागायतदार_तळकोकण

नूतनीकरणाचा अर्ज सोमवारी देतो, पोच इथे कळवतो. वनखात्याच्या गुन्ह्याची चौकशीही त्याच दिवशी करतो. आर्मररचा अर्ज मात्र थांबवत नाही, पाऊस तोंडावर आला आहे.