तरवडाचं बी उगवत नाहीये, शाळेच्या बागेसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी माण तालुक्यात एका शाळेवर शिकवते. आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायलाच टँकर, बागेला पाणी कुठून आणणार, दोन वर्षं गुलाब लावले, क्रोटन लावले, मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्याचा खराटा झाला. म्हणून यंदा कंपाउंडच्या कडेनं तरवडच लावायचा ठरवलं. माळावर आपोआप येतो, शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि नवरात्रात घटाच्या माळेसाठी पोरं पिवळी फुलं आणायला माळभर हिंडतात ती दारातच मिळतील.

पण फुकट उगवणारं झाड मुद्दाम लावायला गेलं की रुसतं बघा. पोरांनी वाळक्या शेंगा गोळा केल्या, बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून ६० पिशव्यांत टोचलं, तीन आठवड्यांत उगवली ७ आणि त्यातली ४ बुडाशी काळी पडून आडवी झाली. (पाण्याच्या पाळ्या लावल्यात, पण पाळी नसलेलेही बाटलीतलं उरलेलं ओतून जातात, त्यांना काय बोलणार!) गेल्या जूनमध्ये रस्त्याकडची गुडघाभर रोपं पहारीनं खणून आणली होती, तीही आठवड्यात वाळली. जमीन मुरमाड आहे. नक्की काय चुकतंय?

उत्तर : बाई, बी भिजलंच नसणार, त्याचं कवच लई टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, दोनेक मिनिटांनी बियांवर ओता आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी टम्म फुगलेल्या तेवढ्याच लावा, बाकीच्या पॉलिश पेपरवर जराशा घासून परत भिजवा. खणून आणलेलं जगत नाही कारण सोटमूळ खोल जातं आणि काढताना तुटतंच. मी तर म्हणतो पिशव्यांची भानगडच नको, पहिला दमदार पाऊस झाला की जागेवरच दोन-अडीच फुटांवर तीन-तीन बिया टोका. पुढं पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, त्यांची पिवळसर फुलपाखरं होतात, पोरांना दाखवायला बरी. आणि ते बुड काळं पडणं जास्त पाण्याचं आहे, पिशव्यांना खाली भोकं आहेत ना?

धन्यवाद दादा. आत्ता जाऊन बघितलं, दुधाच्या पिशव्या होत्या, भोकं एकीलाही नाहीत 😄 राहिलेल्या तिघांना उद्या सकाळी आधी दाभणानं पाडते.