हृच्छूळ म्हणावं की छातीचा आवळ?

खानापूरहून प्रश्न:
आईच्या दवाखान्याच्या कागदांवरचं मराठीत लिहून ठेवतोय. ‘अंजायना’ला (हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणारं दुखणं) कोशातला ‘हृच्छूळ’ लिहिला. वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, “शूळ न्हवं रं, शूळ पोटात उठतो. हितं आवळल्यागत होतंय.” काय लिहू?

निपाणी:
आईचाच शब्द लिहा. लॅटिन ‘आंगेरे’ म्हणजे आवळणे, गळा दाबणे. त्यावरून हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांनी १७६८ मध्ये या दुखण्याला नाव दिलं. संस्कृत ‘अंहस्’ (संकट, कोंडी) त्याच मुळातला. शूळ म्हणजे भाला, भोसकणारी कळ. अंजायनात बहुधा दाब असतो, ओझं असतं. ‘टोचत नाही, म्हणजे हृदयाचं नसेल’ असं समजून माणूस घरी बसला तर? म्हणून मला हा कोशातला शब्द खटकतो.

बेळगाव:
आमच्या गल्लीत कानडी बोलणारे ‘एदि हिडदंग आगेती’ म्हणतात, छाती धरल्यागत झालंय. आपली कंबर धरते, तसंच.

खानापूर:
आणखी एक. छाती आवळली की घ्यायची नायट्रोग्लिसरीनची गोळी दिलीय. मी “गोळी घे” म्हटलं आणि आईनं पाण्याबरोबर गिळली. ती जिभेखाली ठेवायची होती.

निपाणी (औषधांचं दुकान आहे माझं):
‘घे’ म्हटलं की आपल्याकडं गिळणंच समजतात. ‘जिभेखाली धर, विरघळू दे’ असं सांगा. गिळली तर बराचसा भाग यकृतातच मोडतो आणि गुण यायला उशीर लागतो. जिभेखालून औषध थेट रक्तात जातं. त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात. मुख्यतः शिरा रुंदावतात, हृदयाकडं परतणारं रक्त कमी होतं आणि त्याचा भार उतरतो. डोक्यातल्या वाहिन्याही रुंदावतात, म्हणून डोकं ठणकतं. १८४७ मध्ये सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञांनी नायट्रोग्लिसरीन बनवून किंचित जिभेला लावलं, तेव्हा त्यांचंही ठणकलं होतं. रक्तदाब उतरतो, म्हणून गोळी बसूनच घ्यायची. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेणाऱ्यानं ही गोळी अजिबात घ्यायची नाही, रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरतो. पाच मिनिटांत आवळ सुटला नाही तर थेट दवाखाना गाठायचा.

खानापूर:
डबीवर लिहिलं: ‘छाती आवळली तर. बसून. जिभेखाली धरायची, गिळायची नाही.’ शेजारच्या अक्कांसाठी खाली कानडीतही लिहून घेतो, दुपारी आईजवळ त्याच असतात.