प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या ते काय एका रात्रीत नाही

वर कोणीतरी लिहिलंय की प्रतिभाताई पाटलांची वकिली नावापुरतीच होती आणि 2007 मध्ये त्यांचं नाव अचानक पुढे आलं. पहिला अर्धा भाग एकवेळ मान्य, कारण प्रॅक्टिसची वर्षं फार नव्हतीच. मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातून एलएलबी, मग जळगाव कोर्टात वकिली, आणि 1962 ला जळगावातूनच आमदार, तेव्हा वय 27, लग्नही व्हायचं होतं. पण "अचानक" हे मला अजिबात पटत नाही. पुढे एदलाबाद म्हणजे आताचं मुक्ताईनगर, तिथून लागोपाठ चारदा निवडून आल्या, 1967 ला वसंतराव नाईकांच्या सरकारात उपमंत्री, नंतर कॅबिनेट.

आणि चर्चेत अजून कोणीच न काढलेली गोष्ट म्हणजे 1979-80 ला त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या, समोर पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचं सरकार, मुख्यमंत्री शरद पवार! सत्तेबाहेर बसून सरकारला जाब विचारायचं ते काम होतं, कोणी आयतं ताटात वाढलेलं पद नव्हे. नंतर राज्यसभेच्या उपसभापती, 1991 ला अमरावतीच्या खासदार, 2004 पासून राजस्थानच्या राज्यपाल. आमच्या खानदेशात जुनी माणसं आजही त्यांना आधी आमदार म्हणूनच आठवतात, राष्ट्रपती नंतर. राष्ट्रपती म्हणून घेतलेल्या निर्णयांवर टीका करायची तर जरूर करा, माझेही काही बाबतीत मतभेद आहेत, पण त्याआधीची 45 वर्षं पुसून टाकू नका.