‘मी टू’ की ‘मी नायदर’? दुजोरा देणारी छोटी इंग्रजी उत्तरं

प्रश्न असा आहे: कुणी ‘आय डोन्ट लाइक कॉफी’ म्हटलं आणि आपल्यालाही ती आवडत नसेल, तर ‘मी टू’ म्हटलेलं का चालत नाही?

मराठीत दुजोऱ्याचं काम एकटा ‘ही’ करतो, बोलताना ‘पण’. ‘मला आवडते’वर ‘मलाही’, ‘मला नाही आवडत’वरसुद्धा ‘मलाही नाही’, आणि घाईत नुसतं ‘मलाही’ म्हटलं तरी भागतं. इंग्रजीला आधीचं वाक्य होकारी की नकारी हे पाहावं लागतं. होकारी असेल तर ‘सो’ किंवा ‘टू’, नकारी असेल तर ‘नायदर’ किंवा ‘नॉर’. म्हणून इथे ‘मी नायदर’ किंवा ‘नायदर डू आय’. ‘आय डोन्ट आयदर’ही बरोबरच. अमेरिकी बोलण्यात ‘मी आयदर’ ऐकू येतं, लेखनात ते टाळावं.

नकार दर वेळी ‘नॉट’च्या रूपात येतो असंही नाही. ‘आय हार्डली एव्हर वॉच टीव्ही’ हे दिसायला होकारी आहे, तरी त्यावर ‘नायदर डू आय’ हेच उत्तर. ‘नेव्हर’, ‘रेअरली’, ‘सेल्डम’ यांचंही तसंच.

‘सो’वाल्या उत्तरात साहाय्यक क्रियापद समोरच्याच्या वाक्यातून उचलायचं, काळ त्याचाच ठेवायचा, कर्ता आपला घालायचा आणि क्रियापद कर्त्याच्या आधी आणायचं. ‘ही इज लेट’वर ‘सो ॲम आय’, ‘आय कॅन स्विम’वर ‘सो कॅन आय’. साहाय्यक नसेल तिथे ‘डू’ मदतीला येतं: ‘शी वेन्ट होम’, ‘सो डिड आय’. खरी अडचण ‘हॅव’ची. ‘आय हॅव सीन इट’मध्ये ते साहाय्यक आहे, म्हणून ‘सो हॅव आय’. ‘आय हॅव टु गो’मध्ये तसं नाही, तिथे ‘सो डू आय’. ‘आय हॅव अ कोल्ड’लाही आज ‘सो डू आय’च म्हणावं, जुन्या ब्रिटिश वळणात ‘सो हॅव आय’ सापडतं.

शब्दांची ही उलटापालट विसरली तर अर्थच बदलतो, आणि मला या चर्चेतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. कुणी म्हणालं, ‘युअर लेस इज अनडन’, बुटाची नाडी सुटली आहे. आपण खाली पाहून म्हणतो, ‘सो इट इज!’ म्हणजे ‘अरे, खरंच की!’ आणि ‘सो इज युअर्स’ म्हटलं तर ‘तुझीही सुटली आहे’.

‘मी टू’ हे अशुद्ध, असं अनेकांच्या मनात बसलेलं असतं. ते खरं नाही. बोलण्यात ते अगदी सहज आणि योग्य आहे, फक्त औपचारिक लेखनात ‘सो डू आय’ शोभतं. मात्र ‘मी टू’ कधीकधी संदिग्ध असतं. ‘दे इन्व्हायटेड हर’वर ‘मी टू’ म्हटलं, तर ‘मलाही बोलावलं’ की ‘मीही तिला बोलावलं’? मराठीत विभक्तीमुळे हा घोळ होतच नाही. ‘सो डिड आय’चा अर्थ मात्र एकच, मीही तिला बोलावलं.

याला लागूनच ‘यस’ आणि ‘नो’. ‘तू त्याला ओळखत नाहीस ना?’ याला मराठीत ‘हो, नाही ओळखत’ हे सरळ उत्तर आहे, कारण आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत ‘यस’ किंवा ‘नो’ पुढच्या क्रियापदाशी जुळतं. तिथे ‘नो, आय डोन्ट’च हवं. डॉक्टरांनी विचारलं, ‘यू आर नॉट अलर्जिक टु पेनिसिलिन?’ आणि ‘बरोबर, नाही’ या अर्थाने नुसतं ‘यस’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला ‘अलर्जी आहे’ असं वाटू शकतं. उलटही धोका आहेच. अशा जागी ‘नो, आय ॲम नॉट’ किंवा ‘यस, आय ॲम’ असं पूर्ण उत्तर द्यावं.

‘सो’चाच आणखी एक उपयोग: ‘आय थिंक सो’, ‘आय होप सो’. यांचे नकार एका साच्यातले नाहीत. ‘थिंक’चा होतो ‘आय डोन्ट थिंक सो’, पण ‘होप’चा ‘आय होप नॉट’. ‘आय डोन्ट होप सो’ असं कुणी म्हणत नाही.